भोंगामामांची युनियन

आमच्या थोरल्या मामांना सगळा कारखाना भोंगा म्हणायचा. कारखाना काचेच्या बाटल्यांचा. मामा तपासणीला होते. पट्ट्यावरून आलेली बाटली दिव्यासमोर धरायची, तडा दिसला की बाजूला काढायची. तिथे हजारो बाटल्यांच्या खणखणाटात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही. बाकीचे खाणाखुणांनी बोलायला शिकले. मामा ओरडायला शिकले. घरी जेवताना ते नुसतं "मीठ" म्हणाले तरी शेजारच्या वहिनी मीठ घेऊन यायच्या.

युनियनमध्ये ते आले ते या आवाजामुळेच. भट्टीवरच्या माणसांना घोटभर पाण्यासाठी पार फाटकापर्यंत जावं लागे. म्हणून एका फिटरने युनियन काढली आणि फाटकावर सभा बोलावली. फिटर अभ्यासू, पण आवाज डासासारखा. तिसऱ्या रांगेपुढे काही पोचेना. "मागे सांगा हो कुणीतरी!" असा ओरडा झाला, तेव्हा मामा एका पिंपावर चढले आणि फिटरचं एकेक वाक्य मागे पोचवू लागले.

"भट्टीजवळ पाण्याचा नळ हवा," फिटर म्हणाला.

"भट्टीजवळ थंड पाण्याचा नळ हवा!" मामा गरजले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. फिटरने दचकून वर पाहिलं. पण आठशे माणसं 'थंड, थंड' करत असताना एकटा तो काय बोलणार? नऊ दिवस संप चालला आणि दहाव्या दिवशी थंड पाण्याचा नळ बसला. पुढची वीस वर्षं हाच शिरस्ता. फिटरने मागणी लिहायची, मामांनी तिच्यात विशेषण घालायचं.

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत युनियनचं ऑफिस थाटलं. मामा रस्त्याने निघाले की माणसं उठून उभी राहायची. कंपनीचे कामगार अधिकारी बोलणी करायला कानात कापूस घालून बसायचे. घरात मात्र मामांची एकही मागणी कधी मान्य झाली नाही. "इथे फाटक नाही, हळू बोला," असं मामी म्हणाली की बोलणी तिथेच फिसकटायची.

मग एकेक होत गेलं. बाटल्या प्लास्टिकच्या झाल्या. काचेच्या उरल्या त्या तपासायला कॅमेरा आला. भट्टीवर पिवळ्या टोप्यांची कंत्राटी पोरं आली. युनियनचं नाव काढलं तर दुसऱ्या दिवशी काम जाईल, या भीतीने ती मामांना पाहून रस्ता बदलायची. त्यातच सभेत मधल्या खुर्चीवर कोणी बसायचं यावरून युनियनचे दोन तुकडे झाले. निवृत्त होऊनही मामा रोज ऑफिस उघडायचे. शेवटी सभासद उरले दोन, मामा आणि फिटर. दोघेही अध्यक्ष होते, कारण निवडणुकीत दर वेळी बरोबरी व्हायची.

अशात एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दारात तेच कामगार अधिकारी! हातात छत्री, चेहरा उतरलेला.

"या साहेब. काय काढलंत?"

"सकाळी फाटकावर माझं कार्डच चालेना. पहारेकरी म्हणाला, तुमचं नाव यादीतून गेलंय. सव्वीस वर्षं झाली हो. साधं पत्रसुद्धा नाही." ते घुटमळले. "तुमच्या युनियनमध्ये... मला घेता येईल?"

फिटर म्हणाला, "नियमात बसत नाही."

"नियम कुणी लिहिला?" मामांनी विचारलं.

"मीच."

"मग खोड."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिघे फाटकासमोर उभे राहिले. मामांनी मूठ वर केली. "कामगार अधिकाऱ्यांना!"

"पत्र मिळालंच पाहिजे," अधिकारी चोरट्या आवाजात म्हणाले.

"साहेब, कानातला तो कापूस काढा आणि पोटातून ओरडा!"

अधिकाऱ्यांनी डोळे मिटले आणि ते असे ओरडले की कुंपणावरचे कावळे उडाले. आत जेवणारी पिवळ्या टोप्यांची पोरं गंमत बघायला कुंपणापाशी आली. मामांनी पुन्हा मूठ उचलली, तेव्हा आतून चाळीस-पन्नास गळ्यांतून उत्तर आलं. मामी सांगते, त्या रात्री ते एक शब्द न बोलता जेवले. तिला वाटलं, ताप आला.

तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने युनियनच्या ऑफिसात लिफाफा आणून दिला. आत कंपनीच्या शिक्क्याचं पत्र, सेवेबद्दल आभार वगैरे. अधिकाऱ्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"माझा हुद्दा 'सहायक' लिहिलाय! सहायक कधीच नव्हतो मी!"

फिटर म्हणाला, "जाऊ द्या ना, पत्र मिळालं."

"जाऊ कसं द्या?" अधिकारी छत्री आपटत जिना उतरायला लागलेसुद्धा. "चला अध्यक्ष, सुट्टी संपायच्या आत पोचायला हवं."

मामांनी चपला पायात सरकवल्या आणि ते त्यांच्या मागे धावले.