कामट्यांचा डबा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेवाशाच्या स्टँडवर होतो. त्यांचा जुना विद्यार्थी बबन एवढंच म्हणाला, "सर, नाना गेले..." आणि मला आठवलं ते आदल्या शनिवारचं. देवळातल्या दगडात कोरलेल्या नर्तकीच्या पायाशी बोट ठेवून नाना म्हणाले होते, "हे बघ, पैंजण निघालं."

शेवगावकडच्या आमच्या गावी आम्ही एकाच शाळेत शिकवलं. ते चित्रकला, मी गणित. गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. नोकरीला लागले त्या वर्षी नानांनीच मुलांना घेऊन ते ऑइलपेंटने रंगवलं. खांब निळे, मूर्ती गुलाबी. गावाने नारळ देऊन सत्कार केला आणि दर जत्रेआधी नवा हात मारायची प्रथाच पडली. पुढे एकदा रंगाचा पोपडा निघाला आणि खाली दगडात कोरलेली बोटं दिसली, नखांसकट. त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी रंग काढत बसायचे. लोखंडाने दगडावर ओरखडे पडतात म्हणून बांबूच्या कामट्या तासून घ्यायचे. देवाचा मेकअप उतरवताय का, असं मी चिडवायचो. "माझंच पाप आहे बाबा, मलाच निस्तरायला हवं," ते म्हणायचे. पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत अर्ज दिले, तर देऊळ संरक्षित यादीत नाही असं उत्तर आलं... मग जत्रेआधी, मोकळ्या केलेल्या दगडाला तरी हात लावू नका म्हणून गावापुढे हात जोडायचे. गाव तेवढं ऐकायचं. इतक्या वर्षांत एक खांब आणि ती नर्तकी, एवढंच मोकळं झालं.

तेराव्याला देवळात गेलो, तर तो खांब आणि ती नर्तकी, दोन्ही सोनेरी रंगात चमकत होती. बाजूला नानांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी. बबन रंगाचे हात पुसत उभा होता.

"जुना रंग खरवडल्याबिगर नवा धरत न्हाई, म्हनून नाना घासत हुते," तो म्हणाला. "त्यांचं ऱ्हायलेलं काम आमी पुरं केलं, सर."

त्याचे डोळे भरले होते. जन्मभर मुलांच्या चुकीच्या उत्तरांवर फुल्या मारल्या मी, पण तिथे नुसती मान डोलावली. त्याची मला अजून लाज वाटते.

वहिनींनी नानांच्या कामट्या ठेवलेला बिस्किटांचा डबा मला दिला. सगळ्यांची टोकं निळी-गुलाबी, एकच ताजी तासलेली, कोरी. ती खिशात घालून मी दोनदा देवळात गेलो. दोन्ही वेळा बबन नानांची पाटी पुसत होता. मी घंटा वाजवून परत आलो.