थोरल्याची टर्बो

महाळुंग्याच्या कोंडाजीआबांना दोन मुलगे आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण आबांना विचाराल तर ते दीडच सांगतील. धाकटा रणजीत हा पूर्ण. थोरला शेखर हा अर्धा, आणि तोही पंगतीत पान मांडण्यापुरता.

कंपन्यांना जमिनी गेल्या तेव्हा दोघा भावांना सारखाच वाटा मिळाला होता. रणजीतनं खोल्या बांधल्या, मराठवाड्यातून आलेल्या कामगारांना भाड्यानं दिल्या, बंगला उठवला, पांढरी एसयूव्ही घेतली. गळ्यात गोफ आला, मागोमाग फ्लेक्सवर फोटो आला. शेखर चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर होता, तो फिटरच राहिला. आणि वाट्याच्या पैशातून या गड्यानं घेतलं काय, तर मुंबईच्या कुठल्याशा शेठच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली एक गाडी! दोन दारांची, बुटकी, टर्बोची स्पोर्ट गाडी. इंजिन जाम, टायर बसलेले, सीटच्या गादीत उंदरांचा संसार. ती ट्रकमधून गावात उतरली तेव्हा आबांनी ओट्यावरूनच एकदा पाहिलं आणि म्हणाले, "लोकांनी जमिनी इकून सोनं घेतलं, आमच्या थोरल्यानं भंगार घेतलं."

हे वाक्य पुढं प्रत्येक लग्नकार्यात लोणच्यासारखं वाढलं जायला लागलं. लोक हसायचे. शेखरही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

आता कुणी म्हणेल, गाडी ही त्याची स्वतःची हौस होती, बापाचा काय संबंध! साफ खोटं. गाडी त्याला एकाच माणसाला दाखवायची होती. आबांनी एकदा, आयुष्यात एकदाच, चारचौघांत म्हणावं की माझा थोरलाही काही कमी नाही, एवढंच त्याला हवं होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला असलं काही हवं असतं हे बोलायलासुद्धा लाज वाटते, म्हणून तो कधी बोलला नाही. त्याची बायको तनुजा तेवढी ओळखून होती.

गुरं विकल्यापासून गोठा रिकामाच पडला होता. शेखरनं तिथं कोबा केला, वरच्या लोखंडी तुळईला चेनपुली टांगली आणि शिफ्ट सुटली की गडी गाडीखाली. तनुजा चहा घेऊन यायची तेव्हा तिला नवऱ्याचे फक्त पाय दिसायचे. "अहो, लग्न काय मी पायांशी लावलंय का? तोंड दाखवा की कधी!" ती म्हणायची. पण पाने हातात द्यायलाही तीच. चौदाचा कुठला आणि सतराचा कुठला हे तिला न सांगता कळायला लागलं होतं.

टर्बो म्हणजे काय हे त्यानं गावात किती जणांना समजावलं असेल, देव जाणे. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा ताकद. पण कोंबलेली हवा तापते, म्हणून तिला बंपरमागच्या इंटरकूलरच्या जाळीतून थंड करून आत सोडायचं. समोरून वारा लागला तर जाळी थंड, नाहीतर सगळंच मुसळ केरात. शेखरनं मूळची जाळी काढून तिच्या दुप्पट मोठी बसवली, त्यासाठी बंपर आतून कापला, भोसरीतून पाइप वाकवून आणले, निगडीच्या एका जाणकाराकडून इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतली. काचेशेजारी दोन मीटर लावले, एक हवेच्या दाबाचा, एक तापमानाचा. इंजिन खोलून बांधलं, पसंत पडेना म्हणून परत खोललं, परत बांधलं. आणि गाडी पळवून आणली की तो लगेच चावी काढायचा नाही. इंजिन चालू ठेवून, तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहावं म्हणून नुसता बसून राहायचा. येणारेजाणारे खिजवायचे, "काय शेखरभाऊ, झोपली का न्हाई अजून तुमची तान्ही?"

रविवारी पहाटे, मालाचे ट्रेलर सुरू व्हायच्या आत तो कंपन्यांच्या रस्त्यावर एक फेरी मारून यायचा. टर्बोनं दम धरला की गाडी पाठीत अशी थाप मारायची की बास! तशी थाप त्याच्या पाठीवर दुसऱ्या कुणी कधी मारली नव्हती.

आणि मग रणजीतच्या मुलाचं, प्रज्वलचं लग्न ठरलं. मुलगी माण गावची. व्याही दौलतराव बडी असामी, आयटी पार्कात जमीन गेलेली, दारात गाड्यांची रांग. रणजीतनं नवरदेवासाठी पुण्याहून उघड्या टपाची परदेशी गाडी भाड्यानं ठरवली होती. ती ऐनवेळी दुसऱ्याच लग्नाला गेली. झालं, बंगल्यावर सुतकी कळा. आणि त्या संध्याकाळी आबा गोठ्यात आले. गुरं गेल्यापासून पहिल्यांदा! शेखर गाडीखालून बाहेर आला, हात पुसायचंही विसरला.

आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. काठीनं टायरला हलकंसं ठोसलं. "पळती का?"

"पळती की, आबा."

"मंग परण्याला आपली गाडी काढू. पावन्यांना दिसू दे."

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाची मारुतीच्या देवळापर्यंत निघणारी मिरवणूक. डीजे पुढं, नाचणारी पोरं मधे, नवरदेव मागं, आणि सगळा लवाजमा मुंगीच्या पावलानं. असल्या कामाला ही गाडी म्हणजे शर्यतीचा बैल चुन्याच्या घाणीला जुंपण्यातलाच प्रकार. शेखरला हे कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण आबा "आपली गाडी" म्हणाले होते. त्यानंतर त्याच्या कानात दुसरं काही शिरलंच नाही.

तरी त्यानं अटी घातल्या. गाडी मीच चालवणार. बंपरवर फुलं लावायची नाहीत, जाळीला वारा लागला पाहिजे. आणि उभ्या गाडीचं इंजिन उगाच रेस करायला सांगायचं नाही. रणजीत म्हणाला, "दादा, तू म्हणशील तसं." रणजीतचं 'तू म्हणशील तसं' आजवर कधी खरं झालं नव्हतं, पण तो वेगळा विषय.

लग्नाच्या दिवशी दुपारी चारला शेखर नवा फेटा बांधून बाहेर आला आणि बघतो तर फुलवाल्यानं बोनेटपासून थेट खाली बंपरपर्यंत झेंडूची जाड चादर तारेनं आवळून टाकलेली. पुढची जाळी आणि तिच्यामागचा रेडिएटर, दोन्ही दिसेनासे झाले होते. वर मे महिन्याचं ऊन. त्यानं पुढं होऊन तार सोडायला घेतली.

"ऱ्हाऊ दे रं," आबा म्हणाले. "शोभा जाती."

"आबा, आत वारा जायला पायजे. तापंल."

"पाच पावलांवर देऊळ. त्येवढ्यात तापती म्हंजे कसली गाडी तुझी?"

भोवती पाहुणे उभे होते. शेखरनं तार सोडली. म्हणजे हातातली सोडली, गुंडाळलेली तशीच राहिली.

मिरवणूक निघाली. डीजेवाला दर दहा पावलांवर थांबायचा, पोरं नाचायची, चुलत्या-मावशा फुगड्या घालायच्या. शेखरची नजर तापमानाच्या काट्यावर. देवळाच्या अर्ध्या वाटेवर काटा चढायला लागला. इंजिनातली थोडी उष्णता तरी आत ओढून घ्यावी म्हणून त्यानं गाडीचा हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात, काचा खाली करून, हीटर! शेजारी प्रज्वल, अंगात जरीची शेरवानी, डोक्याला फेटा. घामानं त्याच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत उतरलं.

"काका, एसी लावा ना! मेकअप चाललाय माझा!"

"एसी लावला तर गाडी जाईल, बाळा. दम धर."

"मग आणली कशाला ही?" नवरदेव पुटपुटला. ऐकू आलं, पण शेखरनं गिळलं. आज त्याला बरंच काही गिळायचं होतं.

देवळासमोरच्या चौकात माणची मंडळी स्वागताला येऊन थांबली होती. दौलतराव सगळ्यांच्या पुढं. पोरांनी गाडीभोवती कोंडाळं केलं आणि ओरडायला लागली, "टर्बो! टर्बो! आवाज पायजे!" शेखर मान हलवून नाही म्हणत होता. काटा लाल पट्ट्याला टेकला होता. रेडिएटरच्या पंख्याचा आवाज बदलला होता. त्यानं मनाशी ठरवलं, आता इथंच बंद करायची, नवरदेवाला पायी न्या म्हणावं, देऊळ तर समोर आहे. त्याचा हात चावीवर गेलासुद्धा.

तेवढ्यात गर्दीतून आबा पुढं आले. फेट्याचा तुरा ताठ, चेहरा खुललेला. असा चेहरा शेखरनं रणजीतच्या बंगल्याच्या वास्तुशांतीला पाहिला होता, तेही लांबून. आबांनी दौलतरावांचा हात धरून त्यांना गाडीसमोर आणलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "थोरल्या, काढ आवाज! होऊ दे!"

शेखरनं काट्याकडं पाहिलं. मग आबांकडं पाहिलं. चावीवरचा हात काढला आणि पाय दाबला.

गाडी गरजली. अख्खा चौक शहारला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, दौलतराव कानावर हात ठेवून हसले. "आजून!" आबा म्हणाले. त्यानं पुन्हा दाबला. "आजून, आजून!" आबा अक्षरशः नाचायला लागले होते, या वयात, काठी वर करून. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा बोनेटखाली काहीतरी दबक्या आवाजात फुटलं. झेंडूच्या चादरीतून पांढरी वाफ उसळली. उकडलेल्या फुलांचा आणि कूलंटचा गोडसर वास पसरला आणि इंजिन बंद पडलं. परत लागलं नाही.

डीजेवाल्यानं गाणंसुद्धा थांबवलं, मेल्यानं. नको तेव्हा अक्कल येते लोकांना. त्या शांततेत छबूबाई आत्या म्हणाल्या, "आगं बया, नवरदेवाची गाडी मेली! बरं न्हाई हे." रणजीतनं शिवी हासडली, पांढरी एसयूव्ही पुढं घ्यायला लावली, प्रज्वलला तिच्यात बसवलं. पोरांनी स्पोर्ट गाडी ढकलत पंक्चरवाल्याच्या टपरीशेजारी नेऊन लावली. गरज सरो, वैद्य मरो. आबा शेखरजवळ आले नाहीत. ते एसयूव्हीत पुढच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं आणि काच वर केली.

तनुजा तिथंच थांबली. मघाशी ती सासऱ्यांच्या मागंच उभी होती, तिनं शब्द न् शब्द ऐकला होता. बोनेट उघडण्याइतकं थंड व्हायला वेळ लागला. आत बघून शेखर एवढंच म्हणाला, "गेली." कार्यालयात दोघं पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि लोक जेवायला बसले होते.

पुढच्या आठवड्यात त्यानं इंजिन खोललं. हेड वाकलेलं, ब्लॉकला तडा. असं इंजिन पुन्हा मिळत नाही, आणि मिळालं तरी ते परत उघडून बांधायची उमेद कुठून आणायची? तो तडा त्यानं बोटानं चाचपून पाहिला, वर फडकं टाकलं आणि हात धुतले.

बंगल्यावर सत्यनारायण झाला. माणची मंडळी आली होती. बैठकीत गप्पा रंगल्या आणि दौलतरावांनी सहज विचारलं, "आबा, ती आवाजाची गाडी काय झाली हो? भारी होती."

आबांनी पानाला चुना लावत मान हलवली. "काय सांगू पावनं! मी किती वरडत होतो, थोरल्या बंद कर, तापलीया, बंद कर. हात वर करकरून सांगत होतो. ऐकंल तर शपथ!"

तनुजा प्रसादाचं ताट घेऊन दारात आली होती. ती जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा लाल झाला, तोंड उघडलं. शेखरनं तिच्याकडं असं पाहिलं की ते मिटलं.

"व्हय का न्हाई रं?" आबांनी विचारलं. आवाज मोठा होता, पण नजर पानावरच होती. चुन्याचं बोट पुसायला त्यांना फार वेळ लागत होता.

सगळे शेखरकडं बघत होते.

"व्हय आबा," शेखर म्हणाला. "तुमी सांगत व्हता. मीच ऐकलं न्हाई."

आबांनी पान तोंडात टाकलं. एकदम मोकळे झाले, मांडी बदलून ऐसपैस बसले. शेजारी बसलेल्या शेखरच्या पाठीवर त्यांनी थाप मारली, चांगली जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"पण एक सांगतो पावनं. माझा थोरला काय कमी न्हाई. चूक झाली तर चारचौघांत कबूल करतो. असं पोरगं मिळाय भाग्य लागतं."

बैठक "वा, वा" म्हणाली. तनुजानं ताट तिथंच जमिनीवर ठेवलं आणि ती आत निघून गेली. आबा हसले, दौलतराव हसले, रणजीतही हसला. शेखर सगळ्यांच्या आधी हसला होता.