कुशाबाचा मिकोला आणि माझा बाप

कुशाबा माझ्या बापाच्या वयाचा. लालबागच्या आमच्या चाळीत तो खालच्या मजल्यावर राहायचा, मी वरच्या. तो गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा आणि फावल्या वेळात चित्रं काढायचा. मी पोटापाण्याने पेंटर. दुकानांचे बोर्ड रंगवायचो, पण माझं खरं काम म्हणजे गेलेल्या माणसांच्या तसबिरी. घरात कोणी गेलं की लोक जुना फोटो घेऊन यायचे आणि तेराव्याच्या आत मी मोठी तसबीर करून द्यायचो. तेव्हा चाळीत चित्रकार म्हटलं की माझं नाव निघायला हवं होतं. निघायचं कुशाबाचं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून, आणि अजून थांबलेलं नाही.

ब्याऐंशीचा संप सुरू झाला. कोणी गावाला गेलं, कोणी भाजी विकायला बसलं. कुशाबाने काय करावं? गिरगावातल्या फुटपाथवरून एक गुळगुळीत पानांचं पुस्तक उचलून आणलं. मिकोला नावाच्या कुणा युक्रेनी चित्रकाराचं चरित्र, मराठीत, सोबत त्याची चित्रं. त्या मिकोलाने जन्मभर शेतात बीट उपटणाऱ्या बायका, साखर कारखान्यातले हमाल, बटाटे सोलणारी स्वतःची आई, अशीच माणसं काढली. शहरातल्या बड्या लोकांनी नदीकाठच्या सुंदर मुली मागितल्या तर म्हणाला, आमच्या मुली नदीवर कपडे धुवायला जातात, तशाच काढीन. मग कामं मिळेनात. म्हातारपणी शाळेच्या भिंती रंगवून त्याने पोट भरलं. कुशाबाने हे मला इतक्यांदा ऐकवलं की मिकोला वरळीच्या बीडीडी चाळीत राहतो असं वाटायला लागलं.

"वश्या, तुझी माणसां सगळी एकाच आवशीच्या पोटची दिसतत," माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन तो म्हणायचा. "मिकोलाचा बघ. आधी माणसावांगडा एका ताटात जेवता, मगे ब्रश हातात घेता."

मला त्या न पाहिलेल्या मिकोलाचाही राग यायचा.

मग कुशाबाने घोळ घातला. शेजारच्या बुधाजीला गॅलरीत बसवून त्याचं चित्र काढलं. खपाटीला गेलेलं पोट, वाढलेली दाढी, सगळं जसंच्या तसं. वर फ्रेम करून हौसेने त्याच्या भिंतीवर लावलं. आता आमच्याकडे तसबीर भिंतीवर चढते ती माणूस गेल्यावर. बुधाजीची बायको शांती मासळी विकून घरी आली, भिंतीकडे पाहिलं आणि टोपली टाकून तिने असा हंबरडा फोडला की अख्खी चाळ जमली. बुधाजी मोरीतून ओल्या अंगाने बाहेर आला तेव्हा कुठे ती थांबली, आणि मग कुशाबाच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यानंतर कुशाबाकडे चित्र मागायला कोणी फिरकेना.

संप विरून गेला. गिरणी पुढे थोड्यांसाठीच उघडली. कुशाबा बाहेर राहिला, आणि त्याच्याच खात्यात काम केलेले माझे वडील धोंडूही. ते वॉचमन झाले आणि काही वर्षांनी गेले. बाप गेल्याचं दुःख होतंच, पण डोक्यात पहिलं आलं ते हे, की ही तसबीर अशी काढीन की कुशाबाने तोंड लपवलं पाहिजे.

लग्नातल्या फोटोवरून काढली. जीव ओतला. काळा कोट, भरलेले गाल, चापून पाडलेला भांग. आईसमोर धरली. तिने चष्मा पुसला.

"ह्यो खयचो सायब?"

"आई, बाबा आहेत."

"तुझो बापूस असो नाय होतो," एवढंच म्हणून ती जिना उतरून खालच्या मजल्यावर गेली. कोणाकडे, ते मला विचारावं लागलं नाही.

तेराव्याला आमच्या भिंतीवर कुशाबाचं चित्र होतं. रंग अजून ओला होता. खिळा आईने मलाच ठोकायला लावला, हारही मीच दादरहून आणला. भुवईवर कापसाची तूस, ओठ जरासे उघडे, काहीतरी सांगायच्या बेतात. जेवायला आलेला जो तो म्हणाला, "धोंडू आता बोलतलो." मी पंगतीत वाढता वाढता त्या चित्रात चूक शोधत होतो. सापडली नाही.

शेवटी न राहवून कुशाबाला गाठलं. "फोटो कुठून मिळवलास?"

"फोटो कित्याक व्हयो? तुझो बापूस माझ्या बाजूच्या साच्यावर. साच्यांचो आवाज इतको, कानात बोंबललो तरी ऐकाक येय नाय. ओठ बघूनच बोलायचो आम्ही. अख्खी पाळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. तू जन्मलंस ता पण तेनी माका तसाच सांगल्यान."

त्या बाजूच्या साच्याचा मला इतका हेवा वाटला की मी तिथून उठलो.

घरी येऊन आडवा झालो आणि बापाचं तोंड डोळ्यांसमोर आणायला लागलो. गिरणीत त्याची रात्रपाळी, पुढे वॉचमनची ड्युटीही रात्रीचीच. सकाळी येऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि आम्ही भावंडं त्याला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन बाहेर पडायचो. खूप प्रयत्न केला. मला त्याची पाठच आठवत राहिली.