शनिवारी मोजलेल्या गाड्या

दोना ओंदिना सहा घरी इस्त्रीला जाते. वय एकसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. आमच्या पेद्रा क्लारा गावात बस फुकट झाल्यापासून ती आमच्या टेकडीवरून बसने उतरते. मांडीवर स्वतःची पिशवी, शिवाय शेजारी उभं असेल त्याचीही. त्याआधी चालत जायची, तेव्हा तीनच घरं जमायची.

मार्चमध्ये नगरपालिकेत निघालं, तिकीट पुन्हा लावायचं. अध्यक्ष सेऊ आदेमार रेडिओवर म्हणाले, "पुलावर माणूस बसवून मोजलं. गाड्या काही कमी झाल्या नाहीत. पायी जाणारेच बसमध्ये चढले, झालं!"

ओंदिना तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होती. कप आपटून म्हणाली, "मग? पायी जाणारी काय माणसं नव्हेत? तिकीट लागलं की मी परत तीन घरांवर. आणि मोजल्या कुठल्या वारी, ते विचार की!"

विचारलं. शनिवारी. शनिवारी आमच्या टेकडीवर बसच येत नाही. ज्याची असेल तो गाडी काढून बाजाराला जातो.

तिकिटावर नगरपालिकेच्या सभेत मतदान गुरुवारी होतं. दोन दिवस ओंदिना दारोदार फिरली. "गुरुवारी बसमध्ये कुणी चढायचं नाही. गाडीवाल्यांनी गाडी काढा. बाकीच्यांनी माझ्याबरोबर चाला. रस्त्याच्या मधोमध."

गुरुवारी मीही आमची गाडी काढली. एरवी ती शनिवारशिवाय हलत नाही. पुढे ओंदिना आणि पन्नासेक बायाबाप्ये, तिच्या गुडघ्यांच्या चालीने. मागे गाड्यांची रांग पार वरच्या चर्चपर्यंत.

पुलावर सेऊ आदेमार स्वतःच्याच गाडीत अडकले. काच खाली करून ओरडले, "अहो दोना, बाजूला व्हा! मला सभा आहे!"

"आम्हालाही तिथेच यायचंय. उतरा आणि चाला. तुम्हाला दहा मिनिटं, मला वीस."

"हा काय तमाशा लावलाय?"

"मोजणी! आज कामाचा वार आहे. मोजा!"

हॉर्न वाजत राहिले. ती हलली नाही. शेवटी ते उतरले आणि पुटपुटत चालू लागले.

सभा पाऊण तास उशिरा सुरू झाली. ठरलं ते एवढंच, की कामाच्या वारी पुन्हा मोजायचं आणि मतदान जूनमध्ये घ्यायचं.

"जिंकलो का गं?" मी विचारलं.

"कसलं जिंकतोय! जूनमध्ये परत उतरायचं."

बाहेर रिकामी बस उभी होती. ड्रायव्हरने हाक मारली, "या ना दोना, सोडतो वर!"

"आज चढायचं नाही म्हटलंय ना? आज म्हणजे रात्रीपर्यंत," ती म्हणाली, आणि चढण चढू लागली.