देवघरातला रुमाल

ती पुण्याहून आली तेव्हा मी तंजावुरच्या स्टेशनवर मोगऱ्याचा गजरा घेऊन गेले होते, हे आधी सांगून टाकते. मत्सर नंतरचा. म्हणजे घरी पोचल्यावर अर्ध्या तासानंतरचा.

ती धरून आम्ही चौघीजणी मिळून एक खेळ रचत होतो. खेळणारे एकेक पात्र घेतात, फासे टाकतात आणि गोष्ट पुढे नेतात. आमची गोष्ट मराठ्यांच्या काळातल्या तंजावुरातली: मठ, गोसावी, माणसांशी बोलणाऱ्या देवता. देवाधर्माचा इतिहास शोधायचं काम माझ्याकडे होतं. दोन वर्षं माझे सगळे शनिवार-रविवार ग्रंथालयात आणि तिरुवैयारूच्या मठांच्या ओट्यांवर गेले. पण माझी लाडकी देवता घरातच सापडली. आमच्या देवघरात लाल कापडात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं आहे, त्याला आम्ही रुमाल म्हणतो. देवीनं मूळपुरुषाला स्वप्नात सांगितलेलं स्तोत्र त्यात आहे, असं पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. कागद मोडीतले, आणि मोडी आमच्यात कुणाला येते? शाळा तमिळमधली, मी देवनागरीच तिशीत शिकले. सरस्वतीपूजेला रुमालाला कुंकू लावायचं, विजयादशमीला तो डोळ्यांना लावून परत ठेवायचा. या ऐकीव स्तोत्रावर मी खेळातली स्वप्नदेवी उभी केली होती.

पुण्याहून आलेल्या हिला मोडी घडाघडा वाचता यायची. ते एक वेळ सोसलं असतं. पण मी काही जुनं विचारलं की "तुला कशास ते?" म्हणून उठून जाणारी माझी आई हिच्यासमोर पाट टाकून बसली. आपल्या सासूबाईंचं सोवळं, घरातला देवीचा गोंधळ, फेडलेले नि न फेडलेले नवस, सगळं तिनं पिठलं वाढता वाढता सांगून टाकलं. मी वहीत लिहून घेत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. हिचे केससुद्धा चांगले होते. तेही खुपलं.

विजयादशमीला आईनं रुमाल उचलला. मी हात पुढे केला. तिनं तो हिच्या हातात दिला.

"वाच बाळा. आमचे लोक नुसतं कुंकूच लावलेत. आज तरी अम्मन देवीचं बोलणं कानांवर पडूं दे."

आई कापूर आणायला आत गेली. हिनं दोन कागद वाचले आणि हळूच मला म्हणाली, "अगं, हे स्तोत्र नाही. तक्रारीचा अर्ज आहे. मठात तीर्थाचा पहिला मान धाकट्या भावाला दिला म्हणून थोरला जळफळतोय. शेवटी भावाची जीभ झडो म्हणून शाप दिलाय."

माझी स्वप्नदेवी गेली. तरी खरं सांगते, मला आनंद झाला. आता ही आईला सांगेल आणि आईच्या मनातून साफ उतरेल, हाच पहिला विचार आला.

आई आली. "काय लिहिलंय गे त्यांत?"

मी हिला बोलू दिलं.

"देवीचंच आहे, काकू," ही म्हणाली आणि कागदावर नजर ठेवून स्वतःला पाठ असलेलं कुठलंसं देवीस्तोत्र सावकाश म्हणू लागली. आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. संपल्यावर तिनं हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

ते खोटं मला सुचायला हवं होतं. आई माझी होती.