पाकिटात न गेलेलं पान

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, डेस्कवरच्या मित्रांना नाही, आणि जिच्याबद्दल ती आहे तिला तर नाहीच. हैदराबादच्या एका इंग्रजी दैनिकात मी तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर तपासला. चूक कुठे आहे ते मला चटकन दिसायचं, त्याचाच पगार मिळायचा. माझी स्वतःची चूक कुठे आहे तेही मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. टेबलाच्या खालच्या खणात, एका पिवळ्या पडलेल्या कागदावर. त्यावर एकच वाक्य टाइप केलेलं आहे.

एका वाक्याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच म्हणत आलो.

आधी माणसं सांगतो. सुनंदा एका सरकारी रुग्णालयात कानाच्या तपासणीचं काम करायची — मुलांना ऐकू येतं की नाही, किती येतं, बोललेलं कळतं का, हे पाहायची. राहायला नारायणगुड्यात. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मला दादा म्हणते. नातं काही नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका परदेशी शिष्यवृत्तीवर वेगवेगळ्या पेशांतली आम्ही आठ माणसं चार महिन्यांसाठी बाहेर गेलो होतो. त्यात हैदराबादचे, आणि त्यातही मराठी, आम्ही दोघंच. ती तिथल्या एका कानाच्या दवाखान्यात शिकत होती, मी एका वृत्तपत्रात.

चौथ्या महिन्यात एके दिवशी आमच्या वसतिगृहावर तिच्या भावाचा फोन आला. ती दवाखान्यात होती, म्हणून फोन मी घेतला. त्यांचे वडील कोसळले होते. मी बस पकडून दवाखान्यात गेलो आणि तिला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मीच तिला विमानतळावर सोडलं. मुदत संपायला तीन आठवडे बाकी होते. ती पोहोचली तेव्हा वडील शुद्धीवर होते. त्यानंतर ते नऊच दिवस जगले. हे सगळं मला माहीत होतं. आमच्या गटात माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं — हे लक्षात ठेवा.

मग नव्वदीचं दशक आलं. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या चढल्या, आमच्या पेपरला रंगीत पुरवणी लागली, डेस्कवरची दोन चांगली पोरं नोकरी सोडून संगणकाच्या कंपन्यांत गेली. पूर्वी कुणी परदेशी निघालं की त्याचा फोटो आम्ही आतल्या पानावर छापायचो. ते बंद झालं, कारण रोजच कुणी ना कुणी निघत होतं. पैसा खुला झाला तशी शिष्यवृत्तीवर जाऊन आलेल्यांसाठी एक नवी ग्रँट निघाली. आपल्याच कामातलं पुढचं शिक्षण घ्यायचं, काही आठवडे पुन्हा तिकडे जायचं आणि परतल्यावर इथे काहीतरी उभं करायचं. अर्ज दिल्लीला जायचे. निवड करणारी समिती वेगळी होती, जुन्या शिष्यवृत्तीच्या फायली तिच्याकडे नव्हत्या. म्हणून अर्जाबरोबर त्याच गटातल्या कुणाचं तरी गोपनीय शिफारसपत्र लागायचं. पाकीट बंद, आणि झाकणावर आडवी सही.

पहिल्या वर्षी मी स्वतः अर्ज केला होता. हेही कुणाला माहीत नाही. पानांची मांडणी संगणकावर कशी करायची ते शिकून येतो, असं मी लिहिलं होतं. नकार आला — चार ओळी, अत्यंत सभ्य. मी तो घडी करून खणात टाकला आणि त्या दिवशी ऑफिसात नेहमीपेक्षा जास्त काम केलं.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, सुनंदा गौलीगुड्याला आमच्या घरी आली. हातात फाइल आणि किराणा दुकानात असते तशी एक लांबट वही.

"दादा, अर्धा तास द्या. मग रागवा."

तिचं म्हणणं साधं होतं. मुलाला बोललेलं कळतं का हे पाहायला एक शब्दांची यादी असते. तपासणारी शब्द उच्चारते, मूल चित्रावर बोट ठेवतं. रुग्णालयातली यादी कुठल्या तरी पुस्तकातून आलेली, पुस्तकी हिंदीची. मुलं मात्र जुन्या शहरातली, दखनी बोलणारी, नाहीतर आसपासच्या गावांतून आलेली, तेलुगू बोलणारी.

"याकूतपुऱ्याहून एक पोरगी आली होती, सहा वर्षांची," ती सांगत होती. "यादीत शब्द 'अमरूद'. समोर पेरूचं चित्र. मी म्हणते अमरूद, ही गप्प. पुन्हा अमरूद — गप्प. डॉक्टर म्हणाले, लिहा, समजत नाही. तर मागून तिची आई ओरडली, 'अम्रूद कौन बोलता जी? जाम बोलो, जाम!' मी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरून हळूच जाम म्हटलं. बोट थेट पेरूवर, दादा! पोरीचे कान ठीक आहेत. आमची यादी बहिरी आहे."

माझी बायको मालती आतून म्हणाली, "अगं, त्या पोरीचं काय, आमच्या घरी तरी पेरू कोण म्हणतं? जामच."

"वहिनी, तुमचं नाव लिहून ठेवते वहीत."

खरंच लिहिलं. त्या वहीत दखनी आणि तेलुगू शब्दांचे रकाने होते आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुणाच्या तोंडून ऐकला ते नोंदवलेलं — भाजीवाली, रिक्षावाला, वॉर्डातली आया. या शब्दांतून दोन भाषांच्या याद्या करायच्या, त्या शास्त्रशुद्ध कशा ठरवतात ते पूर्वीच्याच दवाखान्यात पाच आठवडे राहून शिकायचं, परत येऊन स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचं आणि जिल्ह्यांतल्या रुग्णालयांना कॅसेट द्यायच्या. अर्ज मी वाचला. माझ्या सवयीप्रमाणे पेन्सिल हातात धरून वाचला, आणि शेवटपर्यंत ती कुठेही टेकवावी लागली नाही. ग्रँट हिला मिळणार हे मला तेव्हाच कळलं.

त्या क्षणी मला काय वाटलं? आनंद झाला असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे. खोटं आहे ते. मला माझ्या चार ओळींचा नकार आठवला.

निघायच्या गडबडीत ती म्हणाली, "मी ती तीन आठवडे आधी परत आले ना, त्याबद्दल मी अर्जात काही लिहिलेलं नाही. मी लिहिलं की सबब वाटेल. ते तुम्ही लिहा, दादा. तुम्हाला सगळं माहीतच आहे." मग ती आत मालतीशी गप्पा मारत बसली आणि मी बाहेरच्या खोलीत टाइपरायटर ओढला.

शिफारसपत्राच्या नमुन्यात एक प्रश्न होता: अर्जदाराने शिष्यवृत्तीचा काळ पूर्ण केला का? नसल्यास तपशील द्यावा. आणि खाली सूचना: पत्र शक्यतो एका पानाचं असावं.

पत्र मी चांगलं लिहिलं. तिची हुशारी, चिकाटी, कामाची गरज — सगळं जागच्या जागी. पहिल्या पानाच्या तळाशी त्या प्रश्नाचं उत्तर आलं: चार महिन्यांपैकी शेवटचे तीन आठवडे अर्जदाराने पूर्ण केले नाहीत, त्या मुदतीआधी भारतात परतल्या. इथे पान संपलं. मी दुसरा कागद लावला आणि त्यावर पुढचं वाक्य टाइप केलं. का परतल्या, ते.

तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकतो. पण शपथ घ्यायला ते वाक्य पाकिटात जायला हवं होतं.

दोन्ही कागद समोर ठेवले. एक भरलेला, एकावर एकच वाक्य. आमच्या धंद्यात एक नियम आहे, मला पहिल्याच नोकरीत शिकवलेला आणि पुढे मी कित्येक पोरांना शिकवलेला: जागा कमी पडली की बातमी खालून कापायची. महत्त्वाचं असेल ते वर असतंच. तळाला राहिलं असेल तर ती लिहिणाऱ्याची चूक. मी दुसरा कागद बाजूला सरकवला. पहिल्याच्या समासात सही केली. जागा नव्हती, असं स्वतःला सांगितलं. जागा होती. त्याच पानावर वर माझ्या हुद्द्याबद्दल आणि अनुभवाबद्दल तीन वाक्यं होती. ती मी ठेवली.

पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. कुठल्याही न्यायालयात ते टिकलं असतं. मी ते कुणाकडून तपासून घेतलं असतं, तरी कुणाला त्यात चूक सापडली नसती — समजतंय ना तुम्हाला, मी काय केलं ते?

पाकीट बंद केलं, झाकणावर आडवी सही केली आणि बाहेर आलेल्या तिच्या हातात दिलं.

"काय दादा, वाटेत उघडून वाचू का?" ती हसून म्हणाली.

"वाच की," मी म्हणालो. ती वाचणार नाही हे मला माहीत होतं.

"नक्को बाबा. चांगलंच लिहिलं असणार, उगाच फुगायची मी."

मालती म्हणाली, "अगं, यांनी लिहिलंय म्हणजे त्यातला कॉमासुद्धा हलायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी काढून सुनंदा ते पाकीट स्वतः अबिड्सच्या मोठ्या पोस्टात घेऊन गेली. रजिस्टर करून आल्यावर तिथूनच तिने मला ऑफिसात फोन केला. "गेलं, दादा," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं त्याचं मी वर्णन करत नाही.

नकार आला तेव्हा ती ते पत्र घेऊन माझ्या ऑफिसात आली. चारच ओळी, मला त्या पाठ होत्या. "काय कमी पडलं असेल हो?" तिने विचारलं. इथे तरी थांबायला हवं होतं, नाही का? मी खुर्ची मागे केली आणि संपादकाच्या आवाजात सांगितलं की प्रकल्प जरा पसरट झाला, दोन भाषा एकदम घ्यायला नको होत्या, मुद्दा एक हवा. तिने मान हलवली. पिशवीतून ती लांबट वही काढली आणि माझा सल्ला लिहून घेतला. तारीख घालून.

पुढचा भाग सांगणं मला जास्त जड जातं. पत्राच्या दिवशी जे झालं ते अर्ध्या तासात झालं. पुढचं मात्र पूर्ण शुद्धीत, पुरेसा वेळ असताना.

काही महिन्यांनी हिमायतनगरला एका हॉटेलात आम्हा जुन्या शिष्यवृत्तीधारकांचं संमेलन होतं. दिल्लीच्या समितीतले एक गृहस्थ आले होते. चहाच्या वेळी माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, "तुमच्याकडच्या त्या शब्दांच्या यादीवाल्या बाई आमच्या पहिल्या पसंतीच्या होत्या. मग तुमचं पत्र वाचलं गेलं. जी व्यक्ती एकदा अर्धवट सोडून आली तिला पुन्हा कशाला पाठवायचं, असं मत पडलं. तुम्ही स्पष्ट लिहिलंत, बरं झालं."

पुढच्या फेरीची मुदत संपायला तेव्हा तीन आठवडे होते. तो माणूस समोर उभा होता. मी एक वाक्य बोलायचं होतं. ते टाइप केलेलंही होतं, घरी, खणात. मी म्हणालो, "बिस्किट घ्या ना."

सुनंदाने पुन्हा अर्ज केला नाही. दोन भाषा पसरट होतात म्हणून तिने आधी एकच धरली, मग बढती झाली, कामं बदलली. स्टुडिओ नाही, कॅसेट नाहीत. रुग्णालयात यादी तीच राहिली, अमरूदवाली. ज्यांची आई मागून ओरडली नाही अशी किती मुलं त्या चित्रापुढे गप्प बसली आणि त्यांच्या कागदावर काय लिहिलं गेलं, याची नोंद कुठे नाही.

निवृत्त झाल्यावर ती एकदा घरी आली आणि ती वही मला देऊन गेली. "माझ्याकडे वाळवी लागेल. तुम्ही कागद नीट सांभाळता, दादा." पहिल्या काही पानांत मालतीचं नाव आहे, 'जाम' या शब्दापुढे. मागच्या बाजूला माझा सल्ला आहे, माझ्या नावासकट. तिने तो जसाच्या तसा उतरवला आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मालती आता नाही. सुनंदा नारायणगुड्यातच आहे. ज्यात हे छापून येणार आहे तो वार्षिकांक तिच्या घरी पोस्टाने जातो, आणि ती तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, हे मला माहीत आहे. मी तिला आधी सांगितलेलं नाही. दहा मिनिटांच्या अंतरावर राहून सांगितलेलं नाही.

खणातला कागद आता माझ्यासमोर आहे. वाक्य इंग्रजीत आहे. त्याचं मराठी मी करतो, काही न गाळता:

"त्यांचे वडील हैदराबादला रुग्णालयात अत्यवस्थ होते, काम अर्धवट टाकून जायला त्या तयार नव्हत्या, आयोजकांची परवानगी मी काढली आणि त्यांनी जावं असा आग्रह मीच धरला."