उधळ्या पुत्राची आई

दोन हजार एकोणीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांत मी सगळ्यात जुना, माझा शब्द कुणी मोडत नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. पण शास्त्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं, आणि आईच्या तोंडून ऐकलेलं त्याहून जास्त.

त्या साली ईश्वरविद्येचे एक म्हातारे पंडित, सगळ्यांचे 'साहेब', धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून निवृत्त होऊन शाहूपुरीत लेकीकडं राहायला आले. येशूवरचा विश्वास पक्का, पण परदेशातले नवे विचारवंत काय म्हणतात तेही वाचायचे. रविवारी उपासनेनंतर शास्त्रपाठ घ्यायचे. म्हणायचे, "एकाच्याच तोंडची गोष्ट सगळ्यांवर लादली, की कुणाचातरी आवाज दबतो. हे नवे लोक सांगतात, ते ऐकून तरी घेऊ."

एकदा येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट, म्हणजे आमच्या भाषेत दाखला, चालला होता. पोरगा बापाकडनं घेतलेला वाटा उडवून परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो. मागच्या बाकावरच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाई उठल्या. "साहेब, ह्यात पोराची आई कुठं हाय?"

मी ओरडलो, "शास्त्रात न्हाय ते इचारायचं न्हाय!"

"विचारू द्या की, बाबा," साहेब म्हणाले. "मलाही ठाऊक नाही."

शिकवणाराच ठाऊक नाही म्हणतो! हा पाठ बंद करा, असं मीच आमच्या चर्चच्या पाळकांना सांगितलं. पुढच्या रविवारी पंचांची बैठक ठरली.

तो आठवडा घर खायला उठलं. भाकरी गोड लागेना. ती आई कुठं असंल, असं बायकोला विचारलं, तर तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "असंल की चुलीम्होरं. पोरगं उपाशी आलतं न्हवं?" मी चिडून रंकाळ्यावर फिरून आलो. चीड जाईना, ती आईबी डोक्यातनं जाईना.

बैठकीत मी साहेबांना उभं केलं. "सरळ सांगा. खरं एक हाय का अनेक?"

"एकच. पण ते अख्खं माझ्या मुठीत आहे म्हटलं, की मी खोटा."

"म्हंजे आमीबी खोटं?"

"ते तुमचं तुम्ही बघा, बाबा."

पाळकांनी मला विचारलं, "मग बंद करायचं ना?"

"न्हाय."

"म्हणजे पटलं तुम्हाला?"

"पटलं कुठं? ह्यो मानूस चुकतोयच. पन बंद केल्यावर मी भांडू कुनाशी?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

साहेब आता राहिले नाहीत. त्यांचं म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही. त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी चहासुद्धा न घेता त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "सलाम साहेब," आमच्या चर्चच्या रीतीनं म्हणालो, "उठा. त्या आईचं काय ते आधी मिटवू."